ट्यूबलाइटला चोक का लागतो? हे कोडं सोडवणाऱ्या पीटर कूपर हेविट यांची गोष्ट

एखाद्याला गोष्ट उशिरा कळली की आपण म्हणतो, आत्ता कुठे याची ट्यूब पेटली. आणि ज्याची नेहमीच उशिरा पेटते त्याला तर सरळ ट्यूबलाइटच म्हणतो. बटण दाबलं की आधी दोन्ही टोकांना लालसर उजेड, मग दोन-चार वेळा फडफड, आणि मग भक्कन प्रकाश. ही फडफड आपण इतकी वर्षं पाहिली की ती भाषेतच येऊन बसली.

मुंबईत खारदांड्यासारख्या जुन्या वस्तीत अशा ट्यूब अजूनही दिसतात. एका बाजूला खारच्या इमारती, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये कोळीवाड्यातली एकमेकांना लागून असलेली घरं. समुद्राची खारी, दमट हवा लोखंडाला आणि तांब्याला सोडत नाही. ट्यूबच्या पट्टीला गंज चढतो, होल्डरच्या पट्ट्या काळ्या पडतात, आणि एक दिवस ट्यूब पेटेनाशी होते. नवी ट्यूब आणली तरी पेटत नाही. स्टार्टर बदलला तरी नाही. मग वायरमन पट्टी उघडतो आणि सांगतो की चोक गेलाय.

खरी शोधाशोध तिथून सुरू होते. चोक चाळीसचा हवा की छत्तीसचा? जुना जड लोखंडी हवा की हलका इलेक्ट्रॉनिक? जुन्या पट्टीत नवा बसेल का?

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की साध्या बल्बला असलं काही लागत नाही, मग ट्यूबलाच चोक कशाला? दोन वायरी थेट जोडल्या तर काय बिघडलं?

याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमध्ये सापडतं. तिथे एका गर्भश्रीमंत घरातला माणूस एका मनोऱ्यात बसून काचेच्या नळ्यांमध्ये पाऱ्याची वाफ पेटवत होता. त्याचं नाव पीटर कूपर हेविट.

आजोबा कारखानदार, वडील महापौर

हेविट यांचा जन्म ५ मे १८६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यांचं नाव ठेवलं होतं आजोबांवरून. आईचे वडील पीटर कूपर हे त्या काळच्या अमेरिकेतलं मोठं प्रस्थ होतं. फारसं शालेय शिक्षण न मिळालेला हा माणूस सरस आणि लोखंडाच्या धंद्यात श्रीमंत झाला. १८३० मध्ये त्यांनी टॉम थंब नावाचं छोटं वाफेचं इंजिन रुळांवर चालवून दाखवलं. पुढे अटलांटिक महासागराच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकण्याच्या उद्योगातही ते होते. आणि १८५९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन ही संस्था काढली. आपल्याला जे शिक्षण मिळालं नाही ते कामगारांच्या मुलांना फुकट मिळावं, हा त्यामागचा हेतू होता.

वडील एब्रम हेविट हेही लोखंडाचे कारखानदार. ते अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले आणि १८८७-८८ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर होते. पीटर यांच्या बहिणी सारा आणि एलेनॉर यांनी कूपर युनियनमध्ये कलाकुसरीच्या वस्तूंचं संग्रहालय उभारलं. आज ते कूपर हेविट याच नावाने न्यूयॉर्कमध्ये आहे.

अशा घरातल्या मुलाला पोटासाठी काहीच करायची गरज नव्हती. पण पीटर यांना यंत्रांचं वेड होतं. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि कोलंबिया विद्यापीठाच्या खाणकाम विभागात त्यांनी शिक्षण घेतलं. पुढे मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या जुन्या इमारतीच्या मनोऱ्यात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. खाली शहरातले खेळ, तमाशे आणि मेजवान्या चालत, आणि वर हेविट काचेच्या नळ्या, हवा उपसणारे पंप आणि पारा घेऊन काम करत.

तार तापवायची की वायू पेटवायचा?

१८९० च्या दशकात विजेचा दिवा म्हणजे एडिसनचा बल्ब. काचेच्या गोळ्यात कार्बनचा बारीक तंतू, तो विजेने तापवायचा, लालभडक झाला की उजेड. पण यात एक मोठी गोम होती. वीज जायची ती बहुतेक उष्णतेत. उजेड मिळायचा थोडासाच.

दुसरा रस्ता लोकांना ठाऊक होता. जर्मनीतले काचकाम करणारे हाइनरिश गाइस्लर यांनी १८५७ च्या सुमाराला हवा उपसलेल्या नळ्या बनवल्या होत्या. त्यांतल्या विरळ वायूतून वीज सोडली की नळी रंगीत उजेडाने भरून जायची. प्रदर्शनात ठेवायला उत्तम, पण खोली उजळायला निरुपयोगी. अमेरिकेत डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी पुढे लांबलचक नळ्यांचे दिवे बनवले. त्यांना मात्र फार मोठा विद्युतदाब लागायचा आणि देखभालही कटकटीची होती.

हेविट यांनी पारा निवडला. पारा हा धातू असूनही साध्या तापमानाला द्रव असतो आणि थोड्याशा उष्णतेने त्याची वाफ होते. या वाफेतून वीज गेली की ती वाफ प्रकाश देते. पाऱ्याचा दिवा बनवण्याचे प्रयत्न त्यांच्याआधीही झाले होते. जर्मनीत आरोन्स यांनी १८९२ मध्ये तसा दिवा करून पाहिला होता. पण रोज वापरता येईल, विकता येईल असा दिवा कोणाच्या हाती आला नव्हता.

१९०१ मध्ये हेविट यांनी आपला दिवा न्यूयॉर्कच्या विद्युत अभियंत्यांना दाखवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना या कामाची पेटंटं मिळाली.

दिवा दिसायला आजच्या ट्यूबचा थोरला भाऊच. लांब काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला पाऱ्याचं छोटं डबकं, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं टोक. पेटवायची पद्धत गमतीची होती. नळी हाताने तिरकी करायची. पारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहायचा आणि क्षणभर दोन टोकं पाऱ्याच्या धारेने जोडली जायची. नळी परत जागेवर आणली की धार तुटायची, तिथे ठिणगी पडायची, आणि सगळी नळी निळसर-हिरव्या उजेडाने भरून जायची.

कार्बनच्या तंतूच्या बल्बपेक्षा तितक्याच विजेत हा दिवा कितीतरी पट जास्त उजेड द्यायचा. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या पाठबळावर १९०२ मध्ये कूपर हेविट इलेक्ट्रिक कंपनी सुरू झाली आणि हे दिवे बाजारात आले.

पेटवणं सोपं, आवरणं अवघड

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हा दिवा थेट विजेला का जोडता येत नाही?

बल्बमधली तार जितकी तापते तितकी ती विजेला जास्त अडवते. म्हणजे तार स्वतःच स्वतःला आवरते. ठरलेल्या प्रवाहावर जाऊन ती स्थिर होते. म्हणून बल्ब होल्डरमध्ये फिरवला की काम झालं.

वायूचं वागणं नेमकं उलट असतं. वायूतून वीज जायला लागली की त्यातले आणखी अणू विद्युतभारित होतात. जितके भारित अणू जास्त तितकी वीज जायला वाट मोकळी. वाट मोकळी झाली की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की वाट आणखी मोकळी होते. उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखं हे चालतं. मागून दोर धरून ठेवणारं कोणी नसेल तर गाडी खाली जाऊन आपटणारच. तशीच दोराविना सोडलेली ट्यूब काही क्षणांत स्वतःला तरी जाळते, नाहीतर फ्यूज तरी उडवते.

म्हणून हेविट यांच्या दिव्यासोबत सर्किटमध्ये आणखी दोन गोष्टी असायच्या. एक म्हणजे विजेला अडवणारी रोधक तार. दुसरी म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी. तेव्हाचे दिवे एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डी.सी. विजेवर चालत. तिथे रोधक तार प्रवाहाला मर्यादा घालायची. गुंडाळीचं काम वेगळं होतं. प्रवाह अचानक कमी व्हायला लागला की गुंडाळी त्याला तसं होऊ देत नाही, साठवलेली ऊर्जा परत देऊन ती त्याला टिकवून धरते. त्यामुळे दिवा मध्येच विझत नसे.

या गुंडाळीचा आणखी एक गुण कामाला आला. तिच्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला तर तिच्या टोकांना क्षणभर फार मोठा विद्युतदाब तयार होतो. पुढे कूपर हेविट दिव्यांमध्ये याच झटक्याने दिवा पेटवायची सोय झाली. नळी तिरकी करायची गरज उरली नाही. पाऱ्याचाच एक छोटा स्विच प्रवाह तोडायचा, गुंडाळी झटका द्यायची, आणि दिवा पेटायचा.

आता आपल्या घरातल्या जुन्या पट्टीकडे बघा. पट्टीतली ती जड लोखंडी पेटी, म्हणजेच चोक, हीच गुंडाळी आहे. आपली वीज ए.सी. असते, सेकंदाला ५० वेळा तिचं आवर्तन होतं. सतत बदलणाऱ्या प्रवाहाला गुंडाळी सततच अडवते, म्हणून वेगळ्या रोधक तारेची गरज राहत नाही. एकच चोक प्रवाहही आवरतो आणि पेटायला झटकाही देतो.

आणि तो गोल डबीसारखा स्टार्टर? बटण दाबल्यावर त्यातल्या दोन पट्ट्या तापून एकमेकींना चिकटतात. प्रवाह ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तंतूंतून फिरतो आणि ते लालसर होतात. पट्ट्या थंड झाल्या की सुटतात, प्रवाह तुटतो, चोक झटका देतो. एका झटक्यात ट्यूब पेटली तर ठीक, नाहीतर पुन्हा तेच. ज्या फडफडीवरून आपण माणसांना नावं ठेवतो ती म्हणजे चोकचे हे फसलेले झटके.

उजेड लख्ख, पण चेहरे प्रेतासारखे

हेविट यांच्या दिव्यात एक मोठी खोट होती आणि ती त्यांना शेवटपर्यंत पुरती काढता आली नाही. पाऱ्याच्या उजेडात लाल रंग जवळजवळ नसतो. त्या उजेडात गोरा माणूस हिरवा-निळा दिसायचा, ओठ काळे पडल्यासारखे वाटायचे. जेवणाच्या टेबलावर हा दिवा कोणाला नको होता.

म्हणून तो घरात गेलाच नाही. तो गेला कारखान्यांत, छापखान्यांत, आरेखनाच्या मोठ्या खोल्यांत. जिथे रंगापेक्षा बारीक रेघ स्पष्ट दिसणं महत्त्वाचं होतं तिथे कामगारांना हा सावल्या न पाडणारा, पसरट उजेड मानवला.

आणि तो गेला फोटो स्टुडिओंत. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, निळाच जास्त दिसे. म्हणजे दिव्याची खोट तिथे खोट उरलीच नाही. १९०३ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीने आपल्या स्टुडिओत कूपर हेविट दिव्यांच्या रांगा लावल्या आणि चित्रपट उन्हावर अवलंबून न राहता बंद खोलीत काढायला सुरुवात केली. त्याआधी सिनेमावाल्यांना काचेचं छप्पर किंवा मोकळं मैदान लागायचं आणि ढग आले की काम थांबायचं.

हेविट मात्र रंगाच्या मागे लागले होते. त्यांनी रोडामीन नावाचा रंग दिव्यामागच्या परावर्तकावर लावून पाहिला. या रंगावर हिरवा-निळा उजेड पडला की तो लालसर उजेड परत देतो. एका रंगाचा उजेड गिळून दुसऱ्या रंगाचा उजेड देणं म्हणजेच फ्लुरोसन्स. कल्पना अगदी बरोबर होती. पण हा रंग नळीच्या बाहेर होता. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे जंबुपार किरण काचेतच अडत होते आणि वाया जात होते. पावडर नळीच्या आतून लावायची आणि त्या किरणांचाच उजेड करायचा, ही पुढची पायरी दुसऱ्यांच्या वाट्याला आली.

त्याच पाऱ्यातून रेल्वेची वीज

दिव्यावर काम करताना हेविट यांच्या एक गोष्ट लक्षात आली. नळीतून एका दिशेने वीज वाहू लागली की ती उलट दिशेने सहज जात नाही. म्हणजे ही नळी एका दिशेने उघडणाऱ्या दारासारखी आहे.

ए.सी. वीज दूरवर नेणं सोपं आणि स्वस्त. पण बॅटऱ्या भरायला, मोटारी चालवायला अनेक ठिकाणी डी.सी. लागे. हेविट यांनी आपल्या नळीचा उपयोग करून ए.सी.चं डी.सी. करणारं साधन बनवलं. हाच पाऱ्याचा रेक्टिफायर. त्यात फिरणारा एकही भाग नव्हता. सुरुवातीला तो विजेवरच्या मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या भरायला वापरला गेला. पुढे त्याचं मोठं रूप कारखान्यांत आणि रेल्वेच्या सबस्टेशनांत आलं. काचेच्या मोठ्या फुग्यात नाचणारा निळा-जांभळा उजेड, असं त्याचं रूप पाहणाऱ्याच्या कायम लक्षात राहायचं.

मुंबईच्या लोकलशीही या साधनाचं नातं आहे. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. खारवरून जाणारा कुलाबा-बोरिवली मार्ग जानेवारी १९२८ मध्ये विजेवर आला. हे सगळे मार्ग १५०० व्होल्ट डी.सी. वर होते, म्हणजे सबस्टेशनात ए.सी.चं डी.सी. करणं भागच होतं. सुरुवातीला फिरती यंत्रं हे काम करत. पुढे जगभरच्या अशा रेल्वेंत ते पाऱ्याच्या रेक्टिफायरकडे आणि नंतर सिलिकॉनकडे गेलं. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१२ मध्ये, तर मध्य रेल्वेची २०१६ मध्ये पूर्णपणे २५,००० व्होल्ट ए.सी. वर गेली.

पाण्यावर तरंगणारी बोट आणि माणसाविना विमान

हेविट एका जागी थांबणारे नव्हते. १९०७ मध्ये त्यांनी पाण्याखाली पंखांसारख्या पट्ट्या असलेली बोट चालवून दाखवली. वेग घेतला की पट्ट्या बोटीला उचलून धरतात, बोटीचा तळ पाण्याच्या वर येतो आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. होडीचा अर्धा जोर पाणी कापण्यातच जातो, हे खारदांड्याच्या कोळ्यांना कोणी वेगळं सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एल्मर स्पेरी यांच्यासोबत एक वेगळंच काम हाती घेतलं. भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या जायरोस्कोपने स्वतःला सावरत, वैमानिकाशिवाय ठरलेल्या अंतरावर जाणारं विमान. अमेरिकेच्या नौदलाने त्याला पैसा पुरवला. मार्च १९१८ मध्ये असं एक विमान माणसाविना उडालं. युद्ध संपलं आणि प्रकल्प मागे पडला, पण आजच्या ड्रोनचा इतिहास सांगताना या विमानाचं नाव घ्यावंच लागतं. हेलिकॉप्टरच्या कल्पनेवरही त्यांनी काम केलं.

शेवट आणि वारसा

२५ ऑगस्ट १९२१ रोजी पॅरिसमध्ये हेविट यांचं निधन झालं. ते ६० वर्षांचे होते.

मागे मोठी संपत्ती आणि सात वर्षांची मुलगी होती, ॲन. मृत्युपत्रात संपत्तीचा मोठा वाटा ॲनला होता. मात्र ती निपुत्रिक गेली तर तो वाटा तिच्या आईकडे जाणार होता. १९३४ मध्ये ॲन वीस वर्षांची असताना अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिची मूल होण्याची शक्तीही काढून घेतली गेली. आपल्याला न सांगता, पैशासाठी हे करवलं, असा आरोप करत तिने १९३६ मध्ये आई आणि डॉक्टरांविरुद्ध ५ लाख डॉलरचा दावा लावला. आपली मुलगी मतिमंद आहे, म्हणून हे केलं, असा आईचा बचाव होता. सक्तीने नसबंदी करण्याला तेव्हा कॅलिफोर्नियात कायद्याचा आधार होता. डॉक्टरांवरचा फौजदारी खटला न्यायालयाने काढून टाकला आणि दावा पुढे तडजोडीने मिटला. अमेरिकेत या प्रकरणावर महिनोन्‌महिने चर्चा झाली. बापाने प्रेमाने ठेवलेली संपत्तीच मुलीच्या जिवावर उठली.

दिव्याचं काय झालं? १९२६ मध्ये जर्मनीत एडमुंड गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीच्या आतून पावडर लावलेल्या दिव्याचं पेटंट मागितलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॉर्ज इनमन यांच्या गटाने १९३४ पासून यावर जोराने काम केलं आणि १९३८ मध्ये फ्लुरोसंट ट्यूब विक्रीला आली. हेविट यांची कंपनी तोवर जनरल इलेक्ट्रिकच्याच हातात गेलेली होती. ट्यूबमध्ये पारा तोच, वाफेतून वाहणारी वीज तीच, लगाम घालणारी गुंडाळी तीच. बदलला तो आतला पांढरा लेप. जंबुपार किरण त्या लेपावर पडले आणि हेविट यांना हवा असलेला पांढरा उजेड मिळाला. तो बघायला ते नव्हते.

आज जुन्या पट्टीसाठी चोक शोधताना

हेविट यांच्या कामातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नळी आणि चोक हे दोन वेगळे भाग नाहीत, ती एक जोडी आहे. चोक किती प्रवाह जाऊ देणार हे त्या नळीकडे बघूनच ठरवलेलं असतं. म्हणून दुकानात जाताना जुना चोक आणि जुनी ट्यूब दोन्हींवरचे आकडे बघून जावं.

ट्यूबवर काही वाचता येत नसेल तर जाडी मोजा. ३८ मिलिमीटर म्हणजे जुनी जाड टी-१२, २६ मिलिमीटर म्हणजे टी-८, आणि १६ मिलिमीटर म्हणजे बारीक टी-५. हा आकडा म्हणजे इंचाचे अष्टमांश. टी-८ म्हणजे आठ अष्टमांश, अर्थात एक इंच.

आपल्याकडची चार फुटी ट्यूब पूर्वी ४० वॉटची टी-१२ असायची, नंतर ३६ वॉटची टी-८ आली. ही नवी ट्यूब मुद्दामच अशी बनवली की ती जुन्या चोकवर चालावी. दोघींचा प्रवाह जवळपास ०.४३ अँपिअर. त्यामुळे स्टार्टर असलेल्या जुन्या ४० वॉटच्या पट्टीत ३६ ची ट्यूब बेलाशक लावता येते आणि चोकही ३६/४० असा एकच मिळतो. स्टार्टर नसलेल्या जुन्या पट्ट्यांत मात्र ही बारीक ट्यूब पेटेलच असं नाही.

दोन फुटी ट्यूबची गोष्ट वेगळी. २० किंवा १८ वॉटच्या या ट्यूबला सुमारे ०.३७ अँपिअर प्रवाह लागतो. तिला ४० चा चोक लावला तर ती पेटते, पण जास्त प्रवाहाने तिची टोकं लवकर काळी पडतात. उलट चार फुटी ट्यूबला २० चा चोक लावला तर तिला पुरेसा प्रवाह मिळत नाही. दोन फुटी दोन ट्यूब मात्र एकापुढे एक जोडून ३६/४० च्या एकाच चोकवर चालवता येतात. तेव्हा स्टार्टर एस-१० ऐवजी एस-२ जातीचे, प्रत्येकीला एक असे घ्यावे लागतात.

टी-५ ट्यूब जुन्या पट्टीत बसत नाही. २८ वॉटची टी-५ चार फुटीपेक्षा थोडी आखूड असते आणि तिला इलेक्ट्रॉनिक चोकच लागतो.

लोखंडी चोक स्वतः सुमारे दहा वॉट वीज खातो आणि गुणगुणतो. इलेक्ट्रॉनिक चोक कमी खातो, ट्यूब न फडफडता पेटवतो आणि त्याला स्टार्टर लागत नाही. पण त्याची जोडणी वेगळी असते, त्यावरच्या आकृतीप्रमाणेच ती करावी. दमट हवेत त्यातले बारीक भाग लवकर दगा देऊ शकतात. लोखंडी चोक त्या मानाने दणकट.

एलईडी ट्यूब घ्यायची असेल तर दोन प्रकार असतात. एका प्रकारात चोक तसाच ठेवून फक्त सोबत दिलेला स्टार्टर बदलायचा असतो. दुसऱ्या प्रकारात चोक आणि स्टार्टर काढून थेट वीज जोडावी लागते. कोणता प्रकार आहे हे खोक्यावर वाचल्याशिवाय हात लावू नये, आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय पट्टी उघडू नये. फुटलेली ट्यूब उघड्या हाताने गोळा करू नये, खिडक्या उघडाव्यात, कारण तिच्यात थोडा का होईना पारा असतोच.

या पाऱ्यामुळेच ट्यूबचे दिवस आता संपत आलेत. पाऱ्याच्या वापराविरुद्धच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं. भारतही या करारात आहे. ट्यूबच बनणार नसेल तर चोकही दुकानात हळूहळू दिसेनासा होईल. म्हणजे जुनी पट्टी चालू ठेवायची असेल तर योग्य चोक आणि ट्यूब मिळतायत तोवर घ्यावी, नाहीतर पट्टीसकट एलईडीवर जावं.

पण एलईडीच्या पट्टीतही हेविट यांचा धडा सुटलेला नाही. एलईडीलाही थेट वीज चालत नाही. तिचाही प्रवाह आवरायला आत ड्रायव्हर नावाची छोटी पट्टी असते, आणि एलईडी दिवा बंद पडला की अनेकदा गेलेली असते ती हीच पट्टी. दिवा बदलला, लगाम राहिलाच.